परातीतला समुद्र

थर्मास उघडला तेव्हा आम्हा सातही जणांना वाटलं की साहेबांचा चहा आला. मार्च महिना होता, प्रयोगशाळेतला पंखा नुसती गरम हवा ढवळत होता, आणि विद्यापीठाकडून आलेले बाहेरचे परीक्षक डॉ. वसमतकर रुंद तोंडाच्या थर्मासचं झाकण सावकाश फिरवत होते. नजमा माझ्या कानाशी लागली, "आपल्याला पेपर लिहायला लावून हे चहा पिणार बघ आता."

वसमतकरांनी थर्मासात चिमटा घातला आणि बाहेर काढलं ते हिरवं होतं. ओलं, झिरझिरीत, कोवळ्या पालकासारखं हिरवं. त्याचे तुकडे करून त्यांनी सात काचेच्या वाट्यांत ठेवले, वरून थर्मासातलं थोडं थोडं पाणी ओतलं आणि एकेक वाटी आमच्यापुढे सरकवली.

"हा नमुना ब," ते म्हणाले. "नमुना अ तुमच्यासमोर आहेच. दोन्ही ओळखायचे, दोन्हींचे काप घ्यायचे, तुलना लिहायची."

अ म्हणजे सदाफुली. कॉलेजच्या फाटकाशी उगवायची, फुलांसकट उपटून आणलेली. तिला शेंबडं पोरही ओळखेल. प्रश्न होता तो ब चा. त्या जागी टेबलावर खरं तर आमच्या कपाटातल्या बरण्या मांडलेल्या होत्या. वसमतकरांनी त्या एका हाताने बाजूला केल्या आणि आमच्या सरांना म्हणाले, "या आत ठेवा, उंबरे. मुलांना नमुना पाठ नसतो, बरणी पाठ असते."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

आमचं गाव परांड्याच्या बाजूचं. समुद्र आमच्याकडे फक्त नकाशात, आणि निळी पेन्सिल झिजत आली की पोरं तिथंही तो रंगवायची नाहीत. समुद्रातली शेवाळं आम्ही शिकलो ती फॉर्मलीनच्या बरण्यांतून. त्या बरण्या कधी काळी कुणी कुठून मिळवल्या, देव जाणे. आतल्या सगळ्याचा रंग उडून गेला होता. हिरवं असो की तपकिरी, सगळं कांद्याच्या सालीसारखं पांढरट. मग आम्ही ओळखायचो कसं? झाकणाचा टवका उडालेली बरणी म्हणजे उल्व्हा. मुरंब्याची बाटली म्हणजे सरगॅसम. तडा गेलेल्या काचेवर चिकटपट्टी मारलेली ती कॉलर्पा. जर्नलमध्ये मात्र उल्व्हा आम्ही हिरव्या पेन्सिलीनं रंगवायचो, कारण पुस्तकात तसं लिहिलं होतं. पुस्तकातलं हिरवं आणि बरणीतलं पांढरं ही एकच वस्तू आहे, याचा विचार कुणी केला नव्हता.

आणि त्या दिवशी पास होण्यापलीकडचंही काही पणाला लागलं होतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला वनस्पतिशास्त्र हा खास विषय घेणारी आमची पहिलीच तुकडी. हा वर्ग उघडावा म्हणून उंबरे सरांनी दोन वर्षं औरंगाबादला खेटे घातले होते. प्राचार्य कुरुडे तेव्हा त्यांना तोंडावर म्हणाले होते, "या भागात बॉटनी शिकून पोरं काय करणार, बाभळी मोजणार?" सरांनी खेटे थांबवले नव्हते. शेवटी विद्यापीठानं एका वर्षाची तात्पुरती परवानगी दिली. बाहेरच्या परीक्षकाचा अहवाल चांगला गेला तर वर्ग चालू, नाहीतर कुलूप. हे आम्हा सातही जणांना माहीत होतं, आणि वर्गात एकदाही त्याचा उल्लेख न करणाऱ्या सरांना तर आमच्याहून जास्त.

मी मान वर करून सरांकडं पाहिलं. परीक्षेत मदतीची अपेक्षा नव्हती, पण माणूस धीरासाठी तरी बघतोच. सर माझ्या वाटीकडं टक लावून बघत होते. आमची नजरानजर झाली तशी त्यांनी पाठ फिरवली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. एवढं साधं ओळखता येत नाही म्हणून ते चिडले असावेत, असं मला वाटलं. मला फार वाईट वाटलं.

नजमा पुटपुटली, "कमळाचं कोवळं पान हाय का गं?"

"गप बस की," मी म्हणाले. मागच्या बाकावरचा सिद्राम तर लिहायलाही लागला होता. पुढं कळलं, त्यानं 'पालक, वर्ग द्विदल' असं ठोकून दिलं होतं.

मला नाव सुचेना. मग सरांची एक सवय आठवली. तास कुठलाही असो, कुणी घाईनं नाव सांगितलं की सर म्हणायचे, "आधी बघायचं, मग नाव ठेवायचं. लोक उलटं करतात." वर्षभर ऐकून ऐकून कंटाळा आला होता या वाक्याचा. पण बुडत्याला काडीचा आधार. मी पेन खाली ठेवलं आणि बघायला लागले.

आधी सदाफुलीचं पान. वरून गडद, खालून फिकं. मधोमध शीर, तिला फुटलेल्या बारीक शिरा. बोटावरचं पाणी शिंपडलं तर थेंब घरंगळून गेला. पान फाडलं तर फाटताना शिरेशी अडलं. मग ब. त्याला वर-खाली असं काही नव्हतं, दोन्ही अंगं सारखी. उजेडासमोर धरलं तर एक शीर दिसेना. फाडलं तर जिकडं ओढावं तिकडं फाटत गेलं. देठ नाही, मूळ नाही, बुडाशी नुसती बारीक टिकली, कशाला तरी चिकटून बसायला असावी तशी.

गाजराच्या फोडीत धरून मी दोन्हींचे पातळ काप घेतले. सदाफुलीच्या कापात सगळा संसार मांडलेला: वरची साल, तिच्यावरचा मेणाचा थर, खालच्या उभ्या पेशी, पोकळ जागा, मधल्या शिरेत पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. खालची साल सोलून बघितली तर श्वासाची रंध्रं, झाकणांसकट. आणि ब मध्ये पेशींच्या फक्त दोन ओळी, पाठीला पाठ लावून बसलेल्या. एवढंच. नळ्या नाहीत, रंध्रं नाहीत, मेण नाही.

हे कसलं पान? मला कोडं सुटेना. तेवढ्यात माझं लक्ष टेबलावर पडलेल्या ब च्या उरलेल्या तुकड्याकडं गेलं. पंख्याच्या वाऱ्यानं तो जरा वेळातच सुकून आकसला होता, आणि त्याच्या कडेला पांढरी पूड धरली होती. सदाफुलीचं तोडलेलं पान शेजारीच पडलं होतं, ते अजून ताठ.

आमच्या घरी आठवड्यातून एकदा नळ यायचा. पाणी साठवायचं, झाकायचं आणि पुरवून वापरायचं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. सरांनीही एकदा फळ्यावर खोड काढताना म्हटलं होतं, "झाड म्हणजे आपलं गाव आहे. पाणी खालून ओढायचं, नळानं चढवायचं, आणि वरून झाकण लावून जपायचं." मग ज्याच्याकडं नळ नाही, टाकी नाही, झाकण नाही, त्याचं भागतं कसं? तर ते पाण्यातच राहत असलं पाहिजे. चारी बाजूंनी पाणी असेल तर नळ हवाय कुणाला.

आणि ती पांढरी पूड? मी इकडंतिकडं बघितलं आणि बोट जिभेला लावलं. खारट होती.

डोळ्यांपुढं आधी आल्या त्या पेशींच्या दोन ओळी, माझ्याच जर्नलमध्ये, माझ्याच हातानं काढलेल्या. मग दिसली टवका उडालेली बरणी. कांद्याच्या सालीसारखं जे वर्षभर बघितलं ते या वाटीतल्या हिरव्या वस्तूचं मढं होतं. मी पेन उचललं आणि लिहिलं: नमुना ब, उल्व्हा, समुद्रातलं हरितशैवाल. मग तुलना लिहीत सुटले ती पुरवणी मागेपर्यंत.

तोंडी परीक्षेला वसमतकरांनी मला शेवटी बोलावलं. सर त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते, कोर्टात बसावं तसे ताठ.

"तोडकर, वत्सला," वसमतकरांनी माझा पेपर उलटला. "प्रयोगशाळेत नमुना चाखायचा नसतो, हे शिकवलं नाही का तुम्हाला?"

म्हणजे त्यांनी बघितलं होतं. "शिकवलंय, सर."

"मग?"

"राहवलं नाही, सर."

त्यांनी मिशीआड काहीतरी गिळलं, बहुतेक हसू. "समुद्र पाहिलायस?"

"नाही, सर."

"कधीच?"

"सोलापूरच्या पुढं गेले नाही, सर."

"मग हे उल्व्हा आहे कशावरून?"

मी सांगितलं. शीर नाही इथपासून मिठापर्यंत सगळं, जसं सुचलं तसंच. नळ, टाकी आणि झाकणही सांगितलं. मधेच वाटलं, हे फार गावंढळ होतंय, पण थांबले नाही. वसमतकर मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनी पेन्सिल टेबलावर आपटली.

"या दोघांत प्रगत कोण?"

याचं पुस्तकी उत्तर मला येत होतं. प्रगत सदाफुली, कारण तिला मूळ, खोड, पान, फूल आहे. तेच सांगितलं असतं तर गुण मिळाले असते. पण सकाळपासून दोघांना इतकं जवळून बघितल्यावर तेवढंच सांगून गप्प बसवेना.

"पुस्तकात सदाफुली म्हणतात, सर. पण मला वाटतं, सदाफुलीला कष्ट जास्त पडलेत. उल्व्हाला समुद्रात सगळं आयतं मिळतं. सदाफुलीला समुद्राशिवाय राहायचं होतं, म्हणून तिला एवढं सगळं स्वतः करावं लागलं."

वसमतकरांनी माझ्या पेपरावर काहीतरी खरडलं.

वसमतकर सरांकडं वळले. "उंबरे, खरं सांगा. ताजा नमुना मुलांना कधी दाखवलात? मागच्या वर्षी कोकणात सहल काढलीत काय?"

माझा जीव टांगणीला लागला. 'हो' म्हणायला काय लागत होतं? एका शब्दाचं काम. सहल काढणारं कॉलेज, ताजे नमुने दाखवणारा शिक्षक, अहवालात किती छान दिसलं असतं.

सर खुर्चीतून उभे राहिले. "नाही, साहेब. ताजा उल्व्हा मीसुद्धा आजच पहिल्यांदा बघितला. मघाशी तुम्ही थर्मासातून काढलात तेव्हा मलाही ओळखू आला नाही."

तेव्हा मला कळलं की खिडकीशी सर का गेले होते. माझ्यावर चिडून नव्हे. स्वतःला माहीत नसलेल्या गोष्टीचं उत्तर पोरीला आपल्या चेहऱ्यावर शोधता येऊ नये, म्हणून त्यांनी पाठ फिरवली होती.

"मी वसतिगृहात राहून शिकलो," सर पुढं म्हणाले. "सुट्टीत शेतात काम असायचं. सहलीला कधी जायला मिळालं नाही. मीही बरण्यांवरच शिकलो आणि बरण्यांवरच शिकवलं. तुम्हाला अहवालात लिहायचं असेल तर लिहा. पण ही पोरगी जे बोलली ते बरणीतलं नाही. ते तिचं आहे."

सर आवाज चढवून बोलणाऱ्यांतले नव्हते, आणि तेव्हाही चढवला नाही. पण मान अशी वर होती की जणू तेच परीक्षा घेत होते. त्यांचा एवढा अभिमान मला आयुष्यात आधी वाटला नव्हता. खरं सांगायचं तर पुढंही फार कमी माणसांचा वाटला.

वसमतकरांनी थर्मास जवळ ओढला, आत डोकावून बघितलं आणि झाकण नुसतंच फिरवत बसले.

"मी रत्नागिरीहून परत आलो तो आधी माझ्या कॉलेजात उतरलो," ते म्हणाले. "तिथल्या पोरांना हाच नमुना दिला. माझी पोरं दर वर्षी कोकणात सहलीला जातात, उंबरे. किनाऱ्यावर फोटो काढतात. झाडून सगळ्यांनी हे पान आहे असं लिहिलं." मग ते माझ्याकडं बघून म्हणाले, "जा. आणि पुन्हा काही चाखू नकोस, सगळंच उल्व्हा नसतं."

मी दाराशी पोचले नव्हते तोच सरांचा आवाज आला, एकदम वेगळा, लाजल्यासारखा. "साहेब, थर्मासात अजून उरलंय का? मला देता?"

पुढचा तास मी कधी विसरणार नाही. वर्षभर सर शिकवत आले होते की जमिनीवरचं झाड वाळवून कागदावर लावायचं तर डिंक लागतो किंवा दोऱ्यानं टाके घालावे लागतात, पण समुद्रातलं शेवाळ पाण्यात तरंगवून कागदावर घेतलं की आपलं आपणच चिकटतं. पुस्तकात तसं लिहिलं होतं. आमच्यातल्या कुणाचा त्यावर विश्वास नव्हता. मला वाटतं, सरांचाही पुरता नसावा.

नजमानं कॅन्टीनमधून परात आणली. सिद्राम माठातलं पाणी घेऊन आला. मीठ घातलं, ढवळलं, सरांनी बोट बुडवून चाखलं. मग थांबले. "किती खारट असतो?" त्यांनी आमच्याकडं बघून विचारलं, आणि आमच्यातल्या कुणाला तरी ते ठाऊक असावं अशा आशेनं बघत राहिले.

शेवटी वसमतकर साहेब उठले. अंगातला कोट काढून खुर्चीवर टाकला, परातीपाशी आले, बोट बुडवलं, चाखलं. "अजून एक मूठ." सिद्रामनं मूठ टाकली. त्यांनी पुन्हा चाखलं. "अजून थोडं." मग जरा वेळ जीभ टाळ्याला लावून उभे राहिले आणि म्हणाले, "झाला. हा समुद्र झाला."

सरांनी उल्व्हाचा मोठा तुकडा परातीत सोडला. आकसलेलं ते हिरवं पाण्यात हळूहळू उलगडलं आणि परातभर पसरलं. आम्ही सगळे डोक्याला डोकं लावून बघत होतो. कुणी तरी म्हणालं, लांबून बघितलं तर मेथीची भाजी वाटेल. सर हसले नाहीत, त्यांनी ऐकलंच नसावं. खालून जाड कागद सरकवला, रंगाच्या कुंचल्यानं कडा नीट पसरल्या आणि श्वास रोखून कागद वर उचलला. वरून आपला धुतलेला रुमाल, त्यावर वर्तमानपत्रं, त्यावर विटा.

निघताना वसमतकर साहेब फाटकाशी थांबले, सदाफुलीपाशी. "वर्ग चालू ठेवावा असंच लिहितोय मी," ते सरांना म्हणाले. "तुमच्या प्राचार्यांना टपालानं कळेल. विद्यापीठाचं टपाल म्हणजे कळायला जून उजाडेल, एवढंच."

दुसऱ्या दिवशी परीक्षा संपली असूनही आम्ही सातही जण सकाळीच प्रयोगशाळेत हजर. सरांनी विटा काढल्या, कागद काढले, रुमालाचं टोक धरून हळूच ओढला. खाली हिरवागार उल्व्हा, कागदात छापल्यासारखा. सरांनी कागद उभा धरला. मग उलटा केला. मग झटकला. काही पडलं नाही.

"बघितलंत?" सर म्हणाले. त्यांनी पुन्हा झटकला. "पुस्तकात लिहिलंय ते खरं आहे."

मग त्यांनी कोपऱ्यात चिठ्ठी लिहिली, वनस्पतीच्या कागदावर लिहायची रीत असते तशी. ठिकाण, रत्नागिरी. गोळा करणारे, डॉ. वसमतकर. ओळखणारे, या शब्दापुढं त्यांनी काय लिहिलं ते मला माझ्या जागेवरून दिसलं नाही. शाई वाळायच्या आत त्यांनी कागद उचलला आणि चालायला लागले. आम्ही मागोमाग. व्हरांड्यातून, कार्यालयावरून, कॅन्टीनवरून. कॅन्टीनवाल्यानं आपली परात मागितली तर सर त्याला कागद उलटा करून दाखवत म्हणाले, "पडत नाही." ग्रंथपाल बाईंना दाखवला, त्यांनाही तेच. वरात प्राचार्यांच्या केबिनपाशी आली तेव्हा आमच्यामागं अकरावीची पोरंही लागली होती.

प्राचार्य कुरुडे चष्म्यावरून बघत होते. सरांनी टेबलावर पुढं होऊन कागद उलटा धरला आणि झटकला, जरा जास्तच जोरात.

"पडत नाही, साहेब," सर म्हणाले.

"काय आहे हे?"

"समुद्रातलं हरितशैवाल. आपल्या कॉलेजात ओळखलं. आणि वर्ग चालू राहतोय, ते तुम्हाला टपालानं कळेल."

कुरुडे साहेबांनी कागद हातात घेतला. फिरवून बघितला, नखानं कडा उचलायचा प्रयत्न केला, उचलली नाही. मग कोपऱ्यातली चिठ्ठी वाचायला लागले. ओठ हलत होते. वाचून झाल्यावर चष्मा काढला.

"ही कुमारी वत्सला तोडकर कोण?"

मी दारात होते, आणि सर टेबलाशी, बरोबर माझ्यापुढं उभे होते. ते एक पाऊल बाजूला झाले, आणि साहेबांना मी दिसले.